तिसऱ्या खाचेपर्यंत पाणी

मी एक जुनी काठी आहे, आणि मला फार वेळ नाही.

मित्रांनो, वरळीच्या किनाऱ्यावर, कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला, ओहोटीच्या वेळी एक मोठा सपाट खडक उघडा पडतो. जेवायला बसायच्या पाटासारखा सपाट, म्हणून त्याला पाटखडक म्हणतात. तो खडक आणि किनारा यांच्या मधे एक चर आहे. त्या चराच्या काठाला, दगडाच्या भेगेत, मी उभी आहे. ओहोटी संपली आहे. पाणी परत यायला निघालं आहे. ते माझ्या टोकापासून चढत मुठीपर्यंत येईल, मुठीवरून जाईल, आणि मग कितीतरी तास मला बोलता येणार नाही.

म्हणून पाणी माझ्या अंगाला जिथे लागेल, तिथली गोष्ट सांगते.

टोक

लागलं.

माझ्या टोकाजवळ एक आरपार भोक आहे. आता त्यातून पाणी इकडून तिकडे जातं. पूर्वी त्यातून लोखंडी बोल्ट जायचा. परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे माग चालायचे त्या खात्यात, मी एका सूतमागाला जोडलेली होते. मागावर कापड विणताना धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्या धोट्याला टोला मारायचं काम माझं. मिनिटाला शंभराच्या घरात टोले. समोरच्या बाजूला माझ्यासारखीच दुसरी काठी होती, ती त्याला परत धाडायची. इतकी वर्षं आम्ही एकमेकींनी टोलावलेला धोटा झेलत होतो, पण आमचं कधी बोलणं झालं नाही. त्या आवाजात कुणाचंच बोलणं होत नसे. माणसं ओठांवरून ओळखायची.

मी कुठल्या झाडाची, हे मला ठाऊक नाही. लाकूड विलायती आणि चिवट होतं एवढं खरं. माझ्या आधी त्या मागावर बसलेल्या तीन काठ्या मधोमध तुटल्या होत्या. मी तुटले नाही. मागावरचा कामगार रघु, मालवणकडचा, पाळी सुरू करताना मला दोन बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, "ह्या लाकडात जीव आसा."

माझ्या पहिल्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. मला ते पुरलं.

एक दिवस टोला मारायला मागे झाले, आणि पुढे यायची वेळ आलीच नाही. माग थांबले ते थांबलेच. पुढे भंगारवाले साचे तोडून न्यायला आले तेव्हा रघुने त्यांच्याकडून मला मागून घेतलं.

पांढरा डाग

टोकाच्या वर बोटभर एक चुन्याचा डाग आहे. तो डिलाईल रोडच्या चाळीतला. रघुच्या खोलीत आढ्याजवळ दोरी बांधली होती. ओले कपडे तिच्यावर चढवायचे, सुकले की उतरवायचे, हे माझं काम. गिरणीत ज्या कापडाचा मला वारासुद्धा लागत नसे, फक्त आवाज ऐकू येई, ते कापड इथे रोज माझ्या खांद्यावर बसायचं. सदरे, परकर, शाळेचे गणवेश, रघुचं धोतर.

मग घरात कपडे वाळत घालायचं घडीचं स्टँड आलं. मी दारामागे गेले. दहा वर्षं दारामागे होते. माझ्या डोक्यावर छत्र्या टांगत. छत्री काढताना मी पडले की कुणीतरी म्हणे, "ही अजून का ठेवलीय?" आणि मला पुन्हा उभी करून ठेवत. टाकून कुणी दिली नाही, कारण रघुने अंथरुणातून एकदा नातीला सांगितलं होतं, "फेकू नको गो. हिचा काम सरला नाय अजून."

तो गेला. काम कुठलं, ते त्याने सांगितलं नव्हतं.

पहिली खाच: घोटा

रघुची नात अक्षदा. ही मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली, आणि त्यात एक विचित्र सवय लागली तिला. ओहोटी असली की घरी थांबायची नाही. एका सकाळी चप्पल शोधताना तिचा हात मला लागला. तिने मला उचललं आणि टॅक्सीतून वरळीला आणलं.

मित्रांनो, मी गिरणी पाहिली होती आणि खोली पाहिली होती. समुद्र पाहिला नव्हता. मला वाटलं, हा सगळ्यात मोठा माग आहे. एक लांबच लांब पांढरा धागा उजवीकडून डावीकडे पळतो आहे, आणि त्याला टोला मारणारं कुणी दिसत नाही.

अक्षदा खडकावर पाऊल टाकते न टाकते तोच घसरली. मागून हसण्याचा आवाज आला.

"काठी हाय हातात, आणि धरतेस छत्रीसारखी! पाऊस पडतोय का गो?"

ती गंगुबाई. साठी उलटलेली, बुटकी, कमरेत थोडी वाकलेली, पदर खोचलेला, हातात कालवं काढायची कोयती. कालवं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले. पन्नास वर्षं ती या खडकांवरून कालवं काढत होती. कोळीवाड्यातले पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात जातात. खडक मात्र बायकांचा. कुठला दगड हलतो, कुठल्या भोकात चिंबोरी आहे, कुठल्या हिरव्या रंगावर पाय द्यायचा आणि कुठल्या नाही, हे तिच्या सासूने तिला दाखवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने.

तिने मला हातात घेतलं. तोललं. आणि अक्षदाला म्हणाली, "आधी काठी, मग पाय. काठीला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाय."

महिनाभर अक्षदा तिच्या मागे फिरली. अक्षदाला प्राण्यांची पुस्तकातली नावं ठाऊक होती, गंगुबाईला त्यांची घरं ठाऊक होती. त्यातून पाटखडकावरची फेरी सुरू झाली. दर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, समुद्र सगळ्यात लांब जातो तेव्हा, आठ-दहा माणसांना घेऊन दोन तास पायी हिंडायचं. हिंडवायचं कोळीवाड्यातल्या सहा बायकांनी. फेरीनंतरची न्याहारीही त्यांच्याच घरची. आणि त्या बदल्यात त्या सहाजणींनी ठरवलं की पाटखडकावरचं एकही कालव काढायचं नाही. आजूबाजूचे खडक आहेत तेवढे पुरेत.

गंगुबाईने माझ्या टोकाला लोखंडी टोपी बसवून घेतली आणि कोयतीने माझ्या अंगावर तीन खाचा पाडल्या. एक घोट्याच्या उंचीला, एक पोटरीच्या, एक गुडघ्याच्या. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ती मला चरात उभी करून लोकांना सांगायची:

"घोट्यापर्यंत पाणी, हसत जा. पोटरीपर्यंत, बघत जा. गुडघ्याला लागलं की जायचं नाय. मग पलीकडं तुमचा सोन्याचा हंडा असू दे."

दुसरी खाच: पोटरी

थोडं भराभर सांगते. आज लाटा जवळ जवळ येत आहेत.

काय काय पाहिलं मी! नखाएवढ्या शंखात राहणारा खेकडा पाहिला. तो मोठा झाला की शंख बदलतो, आणि त्या बदलाच्या क्षणी इतका नागडा आणि इतका घाबरलेला असतो की दहा मोठी माणसं त्याच्यासाठी श्वास धरून बसलेली मी पाहिली. दगडाच्या सावलीत पिवळं प्रवाळ पाहिलं. या शहराच्या पोटाशी, मोठमोठ्या इमारतींच्या सावलीत, प्रवाळ! एक गोगलगाय पाहिली, शंख नसलेली, जांभळ्या कडांची, जणू कुणी पैठणीच्या काठाचा तुकडा पाण्यात टाकला आणि तो चालू लागला.

दादरच्या लतिकाताई, निवृत्त शिक्षिका, पहिल्या फेरीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी बासष्ट वर्षं या शहरात राहते, आणि हे इथे होतं?"

गंगुबाई म्हणाली, "तुम्ही यायची वाट बघत होतं."

आणि कालवं परत आली. दोन वर्षांत पाटखडकाच्या कडा इतक्या भरल्या की चालायला वाट शोधावी लागे. मी टोक टेकवायचे ते जपून.

पण मित्रांनो, त्याच सुमारास कोळीवाड्यात एक बोलणं सुरू झालं. जाळी वाळवायला आणि मासळी सुकवायला जागा पुरत नव्हती. ती अडचण खरी होती. पोरं जाळी रस्त्यावर पसरत आणि गाड्या त्यांच्यावरून जात. मच्छीमारांच्या सोसायटीचा पुढारी राजाराम नाखवा, बोटीचा धनी, म्हणजे गंगुबाईचा दीर. बोटीवर वाढलेला, आवाजाने वाऱ्यावर मात करायची सवय असलेला माणूस. त्याने तोडगा काढला. चर बुजवायचा, पाटखडकावर सिमेंटचा ओटा घालायचा, भरतीच्या वर येईल इतका उंच.

गंगुबाई त्याच्या दारात गेली. मी तिच्या हातात होते.

"भावजी, त्या खडकावर किती जीव हाय तुम्हाला ठाऊक हाय?"

"शेवाळ हाय, वयनी. आणि तुमची दादरची पाव्हणी हायत."

"एकदा चालून बघा. एकदाच. मग ओता सिमेंट, मी तोंड उघडणार नाय."

राजाराम हसला. पण वहिनीचा शब्द मोडवेना. "रविवारी येतो. काही दिसलं तर सोसायटीत सांगेन. नाय दिसलं तर सोमवारी गाडी येईल खडीची."

म्हणजे सगळं एका फेरीवर आलं. दोन तास. एक ओहोटी. गंगुबाई त्या रात्री जेवली नाही, असं अक्षदाने कुणालातरी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

तिसरी खाच: गुडघा

ओहोटीची वेळ काढायची कोळीवाड्याची एक रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती पुरी भरते. त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठला, ओहोटी पुरी होते. गंगुबाईला घड्याळ लागत नसे. पौर्णिमेपासून ती बोटांच्या पेरांवर दिवस मोजायची आणि वेळ सांगायची. पन्नास वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर अक्षदाने मोबाईल पुढे केला.

"मावशी, यात ओहोटी साडेसातला दाखवतंय."

"सव्वाआठ. आज तीज हाय."

"पण मावशी..."

"गेल्या महिन्यात तुझ्या मोबाईलनं काय सांगितलं होतं?"

अक्षदाने मोबाईल खाली घेतला. गेल्या महिन्यात मोबाईल चुकला होता, अर्ध्या तासाने. मागे उभा असलेला राजाराम म्हणाला, "सव्वाआठ म्हटलंय ना वयनीनं. मग सव्वाआठ."

त्याला खडकातलं काही ठाऊक नव्हतं, पण वहिनीच्या पेरांवर त्याचाही विश्वास होता. त्या दिवशी गंगुबाईने माघातली पौर्णिमा धरून पेरं मोजली, पुन्हा मोजली, आणि—

(लाट. थांबा.)

—आणि चुकली.

आम्ही चर ओलांडला तेव्हा पाणी पहिल्या खाचेच्याही खाली होतं. राजाराम, अक्षदा, लतिकाताई आणि त्यांच्याबरोबर आलेली तिघंजणं. गंगुबाई सगळ्यांच्या पुढे, मी तिच्याही पुढे. ती आज नेहमीपेक्षा लांब निघाली, खडकाच्या पार टोकाकडे. चांगलं ते सगळं तिला दाखवायचं होतं.

आणि काही दिसेना.

शंखातले खेकडे शंखात ओढून बसलेले. जांभळ्या काठाची गोगलगाय कुठे मिळेना. प्रवाळ दगडासारखं दगड. समुद्रफुलं, म्हणजे पाण्यात फुलासारखे उमलणारे प्राणी, मिटून मऊ काळ्या गोळ्यांसारखी पडलेली. कालवांची तोंडं बंद. राजाराम खांद्यावरून मागे बघत चालला होता, गुडघा दुखत होता त्याचा. एका ठिकाणी अक्षदाने वाकून एक मिटलेला गोळा दाखवला आणि ते काय आहे ते सांगू लागली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पोरी, तू सांगतेस ते खरं असंल. पण मला गोळाच दिसतोय."

गंगुबाई पुढच्या डबक्याकडे निघाली. मला मात्र तिच्या मुठीतला घाम कळत होता.

मित्रांनो, मला आणखीही एक गोष्ट कळत होती. माझ्या टोकाला लागणारं पाणी मघापासून उलट्या बाजूने येत होतं. मला ओरडून सांगायचं होतं. पण आयुष्यभर टोले मारलेल्या काठीला तोंड असतं कुठे?

ते पाहिलं लतिकाताईंनी. एका डबक्यापाशी त्या थांबल्या.

"गंगूमावशी, तुम्ही मागे शिकवलं होतंत ना, शेवाळ ज्या बाजूला झोपतं तिकडे पाणी चाललेलं असतं?"

"हां."

"मघाशी हे समुद्राकडे झोपलं होतं. आता किनाऱ्याकडे झोपलंय."

गंगुबाईने वळून पाहिलं. मग सूर्याकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या हाताच्या पेरांकडे. अंगठा एकेका पेरावर टेकत गेला आणि एका पेरावर थांबला.

"दोन बिजा," ती पुटपुटली. "या पंधरवड्यात बीज दोन दिवस होती. मी एकच धरली."

पंचांगात कधीकधी एकच तिथी दोन सकाळी येते. गंगुबाईने दुसरी बीज तीज म्हणून मोजली होती. पाऊण तासाची चूक. अक्षदाचा मोबाईल बरोबर होता.

"चला," ती म्हणाली. "सगळे. आत्ता. पळायचं नाय, चालायचं."

चराशी पोहोचलो तेव्हा तिने मला पाण्यात उभं केलं. लाट आली. पहिली खाच बुडाली, दुसरी बुडाली, आणि पाणी तिसऱ्या खाचेला लागलं. तिथून खाली उतरेना.

राजारामने लुंगी वर खोचली. "एवढ्या पाण्याला घाबरायचं? मी नाखवा हाय."

"भावजी."

"हात द्या एकमेकांना, मी पुढं होतो."

"भावजी, गुडघ्याला लागलंय. जायचं नाय." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "खाली शेवाळ हाय, कडेकडेला कालवं हायत, लाट पायाखालून ओढते. तुमचा गुडघा तसला. या ताईंना पोहता येत नाय. माझाच नियम हाय आणि मीच पाळणार."

मग ती सगळ्यांकडे वळली. सोसायटीच्या पुढाऱ्यासमोर, पाव्हण्यांसमोर, दोन वर्षांची फेरी एका वाक्यावर तोलून धरत ती म्हणाली, "चूक माझी हाय. पोरीनं खरं सांगितलं होतं, मी ऐकलं नाय."

राजारामने मोबाईल काढला आणि मुलाला, विनीतला, फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"कुठं? पाटखडकावर? बाबा, तुम्ही? नाखवा अडकला?" आणि मग हसू, इतकं की राजारामने फोन कानापासून लांब धरला. "होडी घेऊन येतो. पण आत्ता नाय जमायचं. खडकावर पाणी कमी हाय, बूड फाटेल. अर्धा तास चढू दे."

मित्रांनो, हा प्रसंग असा होता. माणसाला जायला पाणी जास्त, होडीला यायला पाणी कमी. मधे अर्धा तास.

पाणी किती चढलं ते लांबून कळावं म्हणून गंगुबाईने मला चराच्या काठच्या भेगेत रोवलं, दोन दगड ठोकून घट्ट केलं, आणि सगळ्यांना पाटखडकाच्या उंच पाठीवर नेऊन बसवलं. पाय जवळ घेऊन, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी माणसं बसली. घाबरलेली होती. राजाराम रागावलेला होता.

आणि मग.

मग पाणी आलं, आणि खडक जागा झाला.

आमच्या इतक्या फेऱ्या झाल्या, पण त्या सगळ्या पाणी वळायच्या आत परतणाऱ्या. पाणी येताना पाटखडकावर काय होतं ते आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. गंगुबाईनेही नाही, कारण पन्नास वर्षं तिने पाणी वळलं की पाठ फिरवली होती. आम्ही लोकांना इतके दिवस झोपलेलं घर दाखवत होतो!

पहिली समुद्रफुलं उघडली. त्या काळ्या गोळ्यांना पाण्याचं बोट लागलं, आणि एकेक गोळा सैल झाला, आणि आतून हिरव्या-गुलाबी पाकळ्यांचं एकेक ताट बाहेर आलं. एक उघडलं. मग शंभर. मग सगळा उतार. कालवांनी तोंडं नखभर उघडली; हजारो तोंडं, एकदम, आवाज न करता. नाही, आवाज होता. बारीक चरचर, कढईत तेल तापावं तशी. शंखातले खेकडे बाहेर पडले आणि रविवारच्या दादरच्या बाजारासारखी त्यांची रेटारेटी सुरू झाली.

"अगं बाई," लतिकाताई म्हणाल्या, आणि खडकावर वाकून बघू लागल्या.

मग राजारामच्या पायापाशी एक दगड हलला. तो दगड नव्हता. तपकिरी होता तो विटकरी झाला, विटकरीचा राखाडी झाला, त्याला आठ हात फुटले, आणि तो ऑक्टोपस उघड्या खडकावरून, हवेतून, राजारामच्या अंगठ्याला वळसा घालून शेजारच्या डबक्यात गेला. जाताना एक हात त्याने अंगठ्यावर ठेवला. क्षणभर. गिरणीत माग सुरू करताना रघु मला चाचपायचा, तसा.

राजाराम हललाच नाही.

"जाळ्यात येतो हा," तो म्हणाला. वाऱ्यावर मात करणारा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "पण येतो तो पांढरा पडून. हे... याचे हे रंग मी कधी..."



पाण्याबरोबर चरातून पिल्लं आत आली. करंगळीच्या नखाएवढी मासळी, झुंडीने, कालवांच्या फटीफटीत शिरणारी. अक्षदा पुस्तकातलं नाव सांगायला वाकली, पण राजारामने हात वर करून तिला थांबवलं.

"बोईट," तो म्हणाला. मग दुसऱ्या फटीकडे बोट दाखवून, "तांबोशी. ती बघ, तांबोशीच हाय. एवढीशी." मग, "वयनी, ही आपलीच मासळी."

"मग कुणाची?" गंगुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"पन्नास वर्षं मी इथून बोट काढतो. या खडकाला नुसता वळसा घातला."

विनीतची होडी आली तेव्हा पाणी माझ्या मुठीला लागलं होतं. एकेकाला हात देऊन त्याने होडीत घेतलं. बापाला घेताना तो म्हणाला, "या नाखवा, सांभाळून," आणि टपली खाल्ली. गंगुबाईने मला उपटायला हात घातला, पण भेगेने मला पकडून ठेवलं होतं. लाटेबरोबर होडी मागे ओढली जाऊ लागली.

"तुमची काठी राहिली, वयनी."

"राहू दे. तुम्ही बसा."

होडी वळली. बाकी सगळी माणसं किनाऱ्याकडे बघत होती. राजाराम माझ्याकडे बघत होता, मी बुडेपर्यंत.

मूठ

दुसऱ्या सकाळी ओहोटीला दोघंच आली. गंगुबाई आणि राजाराम. सोमवार होता. किनाऱ्यावर खडीची गाडी उभी होती.

राजारामने मला दोन्ही हातांनी धरलं. या कोळ्याच्या हातांत किती ताकद असते, मित्रांनो! त्याने जोर लावला असता तर मी आले असते. त्याने मला फक्त हलवून पाहिलं, घट्ट आहे ना एवढं, आणि हात काढून घेतले.

"इथं सिमेंट ओतायचं तर आधी हिला काढायला लागेल," तो म्हणाला.

गंगुबाईने किनाऱ्यावरच्या गाडीकडे पाहिलं.

"आणि मी काढणार नाय."

मग तो किनाऱ्याकडे निघाला. चर ओलांडायच्या आधी माझ्या खाचांकडे बघून. गाडीवाल्याशी त्याचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. गाडी मागे गेली ती दिसली. सोसायटीच्या सभेत खूप आरडाओरड झाली म्हणे. ओटा आता बंदराच्या अलीकडे, जुन्या बर्फखान्याच्या मोकळ्या जागेत होतो आहे. थोडा लहान आहे. त्याबद्दल अजून कुरबुर चालते. राजाराम म्हणतो, "कुरबुरीनं बोट बुडत नाय."

फेरीची वेळ आता अशी ठरते: अक्षदा मोबाईल बघते, गंगुबाई पेरं मोजते, राजारामने तिच्या भिंतीवर खिळा मारून टांगलेलं कॅलेंडर दोघी बघतात. तिन्हींचं जमलं नाही तर जी सगळ्यात आधीची वेळ, ती खरी. आणि पाण्याने माझी पहिली खाच ओलांडण्याआधी पाच मिनिटं सगळे पाटखडकाच्या काठावर थांबतात, पहिली दोन फुलं उघडेपर्यंत. तेवढंच. मग माझ्याकडे बघतात आणि परततात.

मी इथेच आहे.

रघु म्हणाला होता, हिचं काम सरलं नाही. मला वाटायचं, काम म्हणजे हलणं. आयुष्यभर मी टोले मारले, कपडे उचलले, दगड चाचपले. आता मी काहीच करत नाही. नुसती उभी असते, आणि पाणी कुठवर आलं ते माझ्याकडे बघून माणसांना कळतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. पाणी मुठीला लागलं आहे, लवकर सांगते. गेल्या महिन्यात माझ्या दुसऱ्या खाचेत, पोटरीच्या, काहीतरी येऊन चिकटलं. आधी वाळूचा कण वाटला. आता तांदळाच्या दाण्याएवढं झालं आहे. गंगुबाईने वाकून पाहिलं, बोट लावलं नाही, आणि हसली. कालव आहे ते. गिरणीतल्या माझ्या सुक्या लाकडावर, जिथे कोयती चालली त्याच जखमेत, कुणीतरी घर केलं आहे.

ते वाढलं की ती खाच बुजेल. बुजू दे. दुसरी पाडू नका. खरवडू नका. इथे कुठलाही दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, कारण तुम्हाला जो तळ दिसतो तो कुणाचं तरी छप्पर आहे. पावसाळ्यात मी टिकेन का, मला ठाऊक नाही. मी टिकले नाही तर तुमच्यातल्या कुणीतरी दुसरी काठी आणा. दारामागे असेल.

उद्या येणार असाल, तर आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा या. आणि बोटं मोजून झाली तरी, पाय टाकण्याआधी, एकदा माझ्याक—